आत्याकडची गादी

"पुन्हा सांडलं. माणूस आहे का गळका नळ."

ठिणगी हे स्वतःशीच पुटपुटत होती. पण आतल्या खोलीची भिंत इतकी पातळ, की तिथे कुणी मनातल्या मनात कुरकुरलं तरी स्वयंपाकघरात ऐकू यावं. ताईने चहाखालची आच बारीक केली आणि कान दिला. चादर खसकन ओढल्याचा आवाज आला, मग खिडकी उघडल्याचा, मग आणखी एकदा "शी".

ठिणगी ही ताईची सतरा वर्षांची लेक. पेटायला तिला काडीसुद्धा लागत नाही म्हणून बापानेच हौसेने हे नाव ठेवलं होतं, आणि आता तोच तिच्यापासून हातभर लांब बसायचा. ताईला मात्र घरीदारी सगळे ताईच म्हणत. आधी भाऊ म्हणायचा, त्याचं ऐकून नवऱ्याच्या मित्रांनी उचललं, त्यांचं ऐकून दुकानातल्या गिऱ्हाइकांनी. कुणी खरं नाव विचारलं तर आपल्याला जरा आठवावं लागेल, असं तिला अधूनमधून वाटायचं.

ती खोलीच्या दारात गेली. तिची आई खिडकीपाशी उभी होती. अंगात धुतलेला गाऊन, केस चापूनचोपून विंचरलेले, कुठे मुलाखतीला निघाल्यासारखी. पलंगाशेजारी फरशीवर पाण्याचा जग आडवा पडला होता, शिकवून आणलेल्या साक्षीदारासारखा.

"हात लागला गं माझा," आई म्हणाली. "अंधारात अंदाजच येत नाही. माझ्या हाताला भोकं आहेत असं तुझे वडील म्हणायचे, ते काही खोटं नाही."

"असू दे. उन्हात टाकली की वाळेल गादी."

"रोज?" ठिणगी म्हणाली.

ताईने तिच्याकडे असं पाहिलं की ती पाय आपटत आंघोळीला निघून गेली.

आई तशी भावाकडे राहायची. भाऊ ताईहून धाकटा. डोक्यावर टक्कल पडून त्यात ऊन चमकायला लागलं तरी घरात त्याचं नाव बाळच. एक दिवस बाळचा फोन आला, की घराला रंग काढतोय, आईला वासाचा त्रास होईल, थोडे दिवस तुझ्याकडे ठेव. थोडे दिवस म्हणता म्हणता थंडी जाऊन उकाडा आला, बाळचा रंग काही वाळेना. ताईने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. वहिनी तेवढी फोनवर म्हणाली होती, "ताई, आईंच्या गादीखाली प्लास्टिक घाला हं. त्यांच्या हातून पाणी फार सांडतं." त्यातला 'पाणी' हा शब्द तिने असा हलकेच ठेवला, जसं कुणी झोपलेल्या पोराला खाली ठेवावं. ताईला तिथेच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण कळणं आणि कळून घेणं यांच्यामध्ये तिने आयुष्यभर बरंच अंतर राखलं होतं.

न कळायला काही कारणही नव्हतं. ताई लॉन्ड्रीच्या काउंटरवर होती. लोकांचे डाग हेच तिचं पोटपाणी. मालकीणबाईंनी तिला सुरुवातीलाच बजावलं होतं, "डाग कशाचा ते एकदाच विचारायचं. गिऱ्हाईक सांगेल त्याला 'बरं' म्हणायचं. मग आत जाऊन आपल्याला दिसतंय ते धुणाऱ्याच्या कानात सांगायचं. लोक आपल्याकडे कपडे धुवायला देतात, अब्रू नाही." ताईने हा नियम कधी मोडला नव्हता. रक्ताला लोक टोमॅटो म्हणायचे, ओकारीला सूप म्हणायचे. एका गृहस्थांनी तर शर्टवरच्या लिपस्टिकला गंज म्हटलं होतं. ताईने शर्ट उजेडात धरून गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, "गंजच दिसतोय. लोखंडाजवळ जपून जात जा." आणि 'पाणी सांडलं' हे तर तिने इतक्यांदा ऐकलेलं, की पिशवी उघडण्याआधीच ती 'बरं' म्हणायची. पाण्याची पिवळी कड राहत नाही. पाण्याला वास येत नाही. हे तिने एकाही गिऱ्हाइकाला ऐकवलं नव्हतं.

तेव्हा आईच्या गादीला काय झालंय हे तिला पहिल्याच सकाळी समजलं होतं. पण 'पाणी' सगळ्यांच्याच सोयीचं होतं. नवराही पाणीच म्हणायचा, ठिणगीही पाणीच म्हणायची. जग रोज रात्री भरून ठेवला जायचा आणि रोज सकाळी आडवा सापडायचा.

खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहायच्या. निवृत्त झाल्या होत्या, पण हजेरी घ्यायची सवय गेली नव्हती. त्या दिवशी त्यांनी बाल्कनीतून मान वर करून विचारलंच, "काय हो ताई, रोज गादी वाळत?"

ताई कठड्यावरून वाकून हसली. "आई जरा धांदरट आहे हो माझी. पाणी सांडते. पहिल्यापासूनच."

बोलून झाल्यावर तिने वळून पाहिलं. आई मागे दारातच उभी होती, हातात कपड्यांचे चिमटे घेऊन. तिनेही हसून मान हलवली, जणू आपल्या एखाद्या गुणाचं कौतुक चाललंय. आणि एकेक चिमटा ताईच्या हातात देत राहिली.

ताईचा नवरा विजेची उपकरणं दुरुस्त करायचा. घरातली कुठलीही अडचण, त्याच्या मते, एखादा भाग बदलला की सुटायलाच हवी. एका संध्याकाळी तो एक बाटली घेऊन आला. दाबल्याशिवाय उघडत नाही असं तिचं झाकण.

"आई, ही घ्या. हातात धरून नाचलात तरी थेंब सांडणार नाही. त्या जगाला आता निवृत्त करा."

भला माणूस. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आईने बाटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "छान आहे हो," ती म्हणाली. "अगदी पक्की आहे."

जग ताईने स्वतः उचलून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला. आईची नजर जगाच्या मागोमाग त्या फळीपर्यंत गेलेली तिने पाहिली. पाहिली आणि हात पुसून कामाला लागली.

एक-दोन सकाळी कोरड्या गेल्या. नवरा चहा पिता पिता स्वतःचीच पाठ थोपटत होता. आणि मग एका सकाळी ठिणगीने ताईला नुसतं "आई" अशी हाक मारली, त्या हाकेतच सगळं आलं.

आई पलंगाच्या कडेला शाल गुंडाळून बसली होती. ठिणगी नाकाला रुमाल लावून खिडकीशी.

"झाकण नीट लागलं नसेल," आई म्हणाली.

ताईला दुकानात जायला उशीर झाला होता. गादी ओली झाली की तिचं वजन दुप्पट होतं आणि ती उचलून उचलून कंबर धरली होती. खालच्या बाई आज पुन्हा विचारणार होत्या. ही सगळी कारणं तिने नंतर स्वतःला दिली. त्या वेळी तिने एवढंच केलं, की बाटली उचलली. बाटली काठोकाठ भरलेली होती. तिने ती उलटी धरली, हलवली. थेंब नाही.

"ही तर भरलेली आहे, आई. मग पाणी आलं कुठून?"

आईने शाल आणखी ओढून घेतली.

"अगं, मी काय विचारतेय? आलं कुठून?"

आईचा हात आपोआप पलंगाशेजारी खाली गेला, जिथे जग असायचा तिथे फरशीवर जरा चाचपला, आणि रिकामाच वर आला. तो तिने मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दुसरा हात ठेवला.

ठिणगीने रुमाल नाकावरून काढला. "असू दे ना आई," ती ताईला म्हणाली. भडकायचं सोडून हे असं हळू बोलली, त्याचीच ताईला जास्त शरम वाटली. ताई गादी ओढत बाल्कनीत गेली. अख्ख्या नोकरीत कुणा परक्याला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. घरात विचारून मोकळी झाली. आणि का, तेही तिला ठाऊक होतं. आईने स्वतःच्या तोंडाने बोलून टाकावं, म्हणजे आपल्यावर बोलायची पाळी येणार नाही.

त्यानंतर आईने कसली तक्रार केली नाही. फक्त पाणी पिणं सोडलं. दुपारनंतर घोटभरसुद्धा नको. चहा पुढे केला तर "आत्ताच प्यायले" म्हणायची, आणि कुणी पाहत नाहीसं बघून कप बेसिनमध्ये रिकामा करायची. गादी कोरडी राहायला लागली. नवरा खूश झाला, त्याने आपल्या दोन-तीन गिऱ्हाइकांनाही तसल्या बाटल्या सुचवल्या. आईच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, पण ओठ काही बाल्कनीत वाळत घालावे लागत नाहीत. खालच्या बाईंना त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

एकदा ठिणगी स्वयंपाकघरात येऊन ताईजवळ घुटमळली. "आई, आजी झोपत नाही गं. कधीही डोळे उघडून बघावं तर खुर्चीत बसलेली. झोप म्हटलं तर म्हणते, म्हातारपणी झोप उडते. पण तिची मान अशी खाली खाली जाते आणि ती दचकून सरळ बसते." मग जरा थांबून, "मी तेव्हा काहीबाही बोलले म्हणून का?"

"नाही," ताई म्हणाली. "तू बोललीस म्हणून नाही."

दुकानात त्याच आठवड्यात एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, हातात मोठी पिशवी, मागे आठ-नऊ वर्षांची मुलगी. पिशवीतून तिने रजई काढली, पण पूर्ण उलगडली नाही. घडीची एक बाजू हाताखाली दाबून धरली.

"डाग कशाचा आहे?" ताईने एकदाच विचारलं.

"पाण्याचा. माझ्याच हातून सांडलं. झोपेत पेला लवंडला."

मुलगी स्वतःच्या बुटांच्या नाड्या वाचत असल्यासारखी खाली बघत होती.

"होतं असं," ताई म्हणाली. "आमच्याकडेही सांडतं."

बाईचा हात रजईवरून सैल झाला. मुलीने मान वर केली, ताईकडे नाही, आपल्या आईकडे पाहिलं, आणि लगेच पुन्हा नाड्यांकडे. एवढंसंच. पण तेवढ्या नजरेत काय काय होतं ते ताईला ओळखू आलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. ती तिने स्वतःच वापरून जुनी केलेली होती.

लहानपणी ते दीड खोलीत राहायचे. वडील पलंगावर, आणि खाली एका लांबलचक गादीवर आई, मध्ये ताई, पलीकडे बाळ. शाळेत अपूर्णांक शिकवायला लागले तरी ताई अंथरूण ओलं करायची. आईला कसं कोण जाणे, तिच्याआधी जाग यायची. ती ताईचे कपडे झोपेतच बदलायची, तिला उचलून आपल्या कोरड्या, उबदार जागेवर निजवायची आणि स्वतः तिच्या ओल्या जागेवर आडवी व्हायची. मग उजाडायच्या बेताला जगाला धक्का. वडील उठले की बोलायचे, "तुझ्या हाताला काय भोकं पडलीत?" आई म्हणायची, "हो ना." ताई डोळे मिटून पडलेली असायची, आईच्या जागेच्या उबेत, आणि सगळं ऐकत असायची.

एवढंच असतं, तर ताईने स्वतःला केव्हाच माफ करून टाकलं असतं. पोरवय होतं. पण आत्याकडची गादी होती ना.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिने नवं घर घेतलं आणि सगळ्या गोतावळ्याला राहायला बोलावलं. नव्या घरात नव्या गाद्या, अजून दुकानाचा वास न गेलेल्या. सकाळी आईने नेहमीसारखा जग लवंडून ठेवला होता. पण आत्या काही वडिलांसारखी झोपाळू नव्हती. ती गादीपाशी वाकली, नाक जवळ नेलं. बाहेर काका, काकू, पोरंसोरं सगळी चहाला बसलेली. त्यांच्यासमोर येऊन ती म्हणाली, "काय वहिनी, तुमच्याकडच्या पाण्याला वास येतो वाटतं?"

सगळे हसले. आत्या नाही हसली. तिने ओळीने बसलेल्या पोरांकडे एकेक करून पाहायला सुरुवात केली. ताई त्या ओळीच्या शेवटी होती, हातात बिस्किट. नजर तिच्यापर्यंत यायला दोनच पोरं उरली होती, तेवढ्यात आई म्हणाली,

"मीच. मला रात्री कळलंच नाही."

तरणीताठी बाई, दोन मुलांची आई, भर मंडळींत. एखाद्या खोलीतला पंखा बंद पडल्यावर होतं तसं झालं. मग कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळीच पोरं हसली, आणि त्यांच्यात ताईही हसली. हसलो नसतो तर उघडे पडलो असतो, असं तिने पुढे स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण खरं म्हणजे त्या क्षणी तिने काही हिशेब केला नव्हता. तिला मनापासून हसू आलं होतं. सुटल्याचं हसू. आईने तेव्हा तिच्याकडे चुकूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बाकीच्यांनीही पाहिलं असतं.

वडील त्यानंतर कितीतरी दिवस आईशी बोलले नाहीत. नातेवाइकांत आईचं नाव लवंडबाई पडलं. कुणाकडे मुक्कामाला गेलं की सगळ्यांसाठी गाद्या पडायच्या आणि आईसाठी बाजूला दाराजवळ चटई. न सांगता, हसतखेळत. आईही न सांगता तिकडे वळायची. ताईचं ते अंथरुणाचं पुढच्या वर्षभरात आपोआप थांबलं. चटई काही थांबली नाही. आणि आई त्यावर एक अक्षर बोलली नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. वडील गेले तेव्हासुद्धा नाही, जेव्हा सांगून टाकायला काही हरकत नव्हती.

ताईने त्या बाईला पावती दिली आणि रजई आत नेली. धुणाऱ्याला कानात सांगायला गेली आणि रुमालाने नाकच पुसत राहिली.

"सर्दी?" त्याने विचारलं.

"हो."

तोही याच दुकानात शिकलेला. त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ताईने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा जग काढला, घासला, भरला आणि आईच्या पलंगाशेजारी नेऊन ठेवला.

"अगं, ती बाटली चांगली आहे की," आई म्हणाली.

"जग बरा."

"जावईबापूंना वाईट वाटेल."

"त्यांचं मी बघते. तू पाणी पी. आणि झोप."

आईने जगाकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईच्या मनात पुढे खूप होतं. पण ते सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच उंबऱ्यावर चपला काढून बसलं. आईने पेलाभर पाणी ओतून घेतलं आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तिला किती तहान लागली असेल ते ताईला तेव्हा बघवेना. तिने खिडकीचा पडदा उगाचच सारखा केला.

रविवारी बाळ आणि वहिनी आले. हातात फळांची एवढी मोठी करंडी, की दार उघडणाऱ्या ठिणगीने आधी करंडीलाच "या" म्हटलं.

"रंग वाळला का मामा?" तिने विचारलं.

"वाळतोय," बाळ म्हणाला आणि घसा खाकरून बसला.

सगळे बाहेरच्या खोलीत जमले. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून धुतलेल्या नॅपकिनांच्या घड्या घालत होती. रिकाम्या हातांनी बसणं तिला कधी जमलंच नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं. उकाड्यावर सगळ्यांचं एकमत झालं. फळं कापून झाली, खाऊन झाली. मग बाळने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने करंडीकडे.

"मी एक जागा बघून आलोय," बाळ म्हणाला.

"घर बदलताय?" ताईच्या नवऱ्याने विचारलं.

"तसं नाही. आईसाठी. चांगली जागा आहे. बाग आहे, उजेड आहे. दिवसरात्र बायका असतात हाताशी. त्यांना सवय असते."

"कशाची सवय?" ठिणगी म्हणाली.

बाळने टकलावरून हात फिरवला. "पाण्याची," तो म्हणाला.

आईच्या हातातल्या नॅपकिनाची कोपऱ्याला कोपरा लावून घडी पडली.

"मी म्हणतो, आधी डॉक्टरला दाखवू ना," ताईचा नवरा म्हणाला. "मशीन गळायला लागलं तर कुणी थेट भंगारात देतं का? आधी उघडून बघतो आपण." मग आपण सासूबाईंबद्दल बोलतोय हे ध्यानात येऊन त्याने जीभ चावली. "म्हणजे, उदाहरण दिलं."

"मला काय हौस आहे का?" बाळचा आवाज थोडा चढला. "विचारलं होतं मी आमच्या डॉक्टरांना. ते म्हणाले, हल्ली हल्ली सुरू झालं असेल तर घेऊन या, पुष्कळ करता येतं. औषधं आहेत, व्यायाम आहेत, पुष्कळदा पूर्ण बरंही होतं. पण आईचं काय हल्लीचं आहे? तिला तरुणपणापासूनच आहे. मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, इतकं जुनं असेल तर या वयात फार आशा धरू नका."

"तरुणपणापासून?" ताईचा नवरा बुचकळ्यात पडला. "हे मला कुणी कधी बोललं नाही."

"बोलायची गोष्ट आहे का ती? ताईला विचारा. आत्याकडचं आठवतं ना गं ताई? नवी कोरी गादी. सगळ्यांसमोर आईने कबूल केलं होतं. मी केवढासा होतो, पण मला अजून आठवतं." बोलता बोलता त्याला थोडंसं हसू आलं आणि त्या हसण्याची त्यालाच लाज वाटली, त्याने तोंड फिरवलं. "हसण्यासारखं नाही ते. पण आहे ते आहे."

सगळ्यांची तोंडं ताईकडे वळली. ठिणगीचंही. ताईने आयुष्यात लेकीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती, की आपण केलेलं दुसऱ्याच्या अंगावर ढकलू नये. पेला फुटला तर ठिणगी लगेच "मीच फोडला" म्हणून भांडायला तयार व्हायची. ती आता ताईकडे बघत होती, साधंच, काय झालं होतं ते ऐकायला मिळेल म्हणून.

"आठवतं की," उत्तर आईनेच दिलं. ताईने नाही. आईने घडी घातलेला नॅपकिन बाकीच्यांवर ठेवला आणि वरून हात फिरवला. "बाळ बरोबर बोलतोय. माझं पहिल्यापासूनच तसं आहे. उगाच डॉक्टर कशाला. आणि बाग आहे म्हणतोय तो. मला बाग आवडते."

तिने दुसरा नॅपकिन घेतला. ताईकडे चुकूनसुद्धा पाहिलं नाही.

ताईच्या पायांखालची फरशी तीच होती, समोरची माणसं आपलीच होती, आणि तरी तिला ओळीच्या शेवटी बिस्किट घेऊन बसल्यासारखं झालं. आता गप्प बसलं की झालं. कुणाला काही कळणार नव्हतं. आई बागेत जाऊन बसेल, तिथल्या बायकांना सवय असेल, रविवारी फळं घेऊन जाता येईल.

"बाळ," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांना फोन कर. त्यांना सांग, आमचं चुकलं. हे हल्लीच सुरू झालंय."

"अगं, असं कसं सांगू? आत्याकडे मग काय झालं होतं?"

"आत्याकडे आईने काही केलं नव्हतं."

आईच्या हातातला नॅपकिन अर्ध्या घडीवर थांबला. "गप बस गं," ती घाईघाईने म्हणाली. "काय जुनंपानं उकरून काढतेस. पाणी सांडलं होतं ते. माझ्याच हातून."

वहिनी करंडीकडे बघायची विसरली होती. नवऱ्याचा हात फळांच्या बशीवर तसाच राहिला होता. ताईने ठिणगीकडे पाहिलं, आणि मग आईकडे, सरळ.

"पाणी नव्हतं, आई," ती म्हणाली. "मुतले होते मी. आत्याकडेही आणि घरीही. आणि चटईवर तू झोपलीस."